जहाजावरची तोफेची दारू आपोआप पेटते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही देवळी तालुक्यातले शेतकरी. पोरगा नौदलात लागला, सध्या जहाजावर आहे. सुट्टीत आला तेव्हा बोलता बोलता म्हणाला की दारूगोळ्याचं कोठार झोपायच्या जागेपासून फार लांब नसतं. पुलगावची २०१६ ची रात्र आम्ही पाहिली आहे, त्यामुळे त्याच्या आईचा जीव थाऱ्यावर नाही. दारू ठेवल्या जागी आपोआप पेटते म्हणतात, ते खरं का? जहाज तर लोखंडाचं, ऊन लागून तापतच असेल. आणखी एक. इकडे पोरं बाद दारूगोळा नष्ट करायच्या मैदानाच्या बाजूनं दारूच्या कांड्या वेचून आणतात. जुन्या झाल्या की त्यांच्यात दम राहत नाही, असं सांगतात. ते बरोबर आहे का?"

भाऊ, कांड्यांचं उत्तर आधी एका शब्दात देतो: नाही. त्या घरात असतील तर हे वाचून होण्याआधी पोरांना त्यांच्यापासून लांब करा. कारण खाली येईलच.

आता जहाजाचं. आपोआप पेटते का, तर हो, पेटू शकते. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी नाही म्हणणार नाही. पण ती लहर आल्यासारखी पेटत नाही. दारूचं वय होत जातं, ते वय मोजता येतं आणि उष्णतेनं ते भराभर वाढतं. आयुध निर्माणीच्या प्रयोगशाळेत मी नोकरीभर हेच मोजत बसलो, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

सुरुवातीला एक गोष्ट वेगळी करून ठेवू. पुलगावच्या लष्करी दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ च्या पहाटे जे उडालं, त्यात रणगाडाविरोधी सुरुंगांचा साठा होता. सुरुंगांत टीएनटी भरलेलं असतं आणि ते पाझरत होतं, असं पुढे बातम्यांतून आलं. टीएनटी हे फोडणारं स्फोटक. तोफेत गोळ्याच्या मागे जी भरतात ती दारू, तिला आम्ही प्रोपेलंट म्हणतो, ती ढकलणारी. तिचं काम जळायचं, तेही ठरलेल्या वेगानं. मोकळ्यावर पेटवली तर सुर्र करून मोठ्या ज्वाळेनं जळून जाते. तीच बंद जागेत कोंडली तर दाब वाढतो, दाब वाढला की जळण्याचा वेग वाढतो, वेगानं दाब आणखी वाढतो आणि शेवटी भिंती फुटतात. म्हणजे दारूच्या कोठाराचा निम्मा प्रश्न दारूचा असतो आणि निम्मा कोंडण्याचा.

ही दारू कापसाची असते, हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असतं. जिनिंगमध्ये रुई निघाल्यावर सरकीवर जी बारीक लव राहते, ती लिंटर. स्वच्छ करून ती नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लात बुडवली की नायट्रोसेल्युलोज होतं. दिसायला कापूसच, पण काडी लावली की राखसुद्धा उरत नाही. १८४६ च्या सुमारास शॉनबाइन नावाच्या रसायनतज्ज्ञानं हे जगापुढे आणलं तेव्हा सगळ्या युरोपात धांदल उडाली आणि लगेच कारखाने उभे राहिले. इंग्लंडात फेवरशॅमचा कारखाना जुलै १८४७ मध्ये उडाला. दोष आम्लाचा होता. कापसाचा तंतू आतून पोकळ नळीसारखा असतो. वरून कितीही धुवा, आत थोडं आम्ल दडून राहतंच. पुढे फ्रेडरिक एबलनं तंतूचा लगदा करून, उकळून, पुन्हा पुन्हा धुण्याची रीत बसवली आणि हा माल कुठे साठवण्याजोगा झाला.

पण धुऊन काढलेलं नायट्रोसेल्युलोजसुद्धा स्वस्थ बसत नाही. त्याचा रेणू अगदी हळूहळू तुटत राहतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडं बाहेर पडतात. ओलाव्याशी गाठ पडली की त्यांचं आम्ल होतं, ते आम्ल आणखी रेणू तोडतं, त्यातून थोडी उष्णता निघते आणि उष्णतेनं सगळ्याचाच वेग वाढतो. तुमच्याकडे नसतील, पण आमच्या भंडाऱ्याकडे धानाचे पुंजणे लावतात. पेंढ्या ओल्या राहिल्या आणि पुंजणं मोठं असलं की चार दिवसांनी आत हात घालवत नाही. त्याच पेंढ्या पसरून ठेवल्या तर काही होत नाही, कारण ऊब निघून जाते. दारूचंही असंच आहे. मूठभर नमुना बाटलीत वर्षानुवर्षं पडून राहील, पण तोच माल ढिगानं, बंद डब्यात, तापलेल्या भिंतीला लागून ठेवला तर आतली उष्णता बाहेर पडायला वाट मिळत नाही.

यावरचा उपाय म्हणून दारू मळतानाच तिच्यात थोडा स्टॅबिलायझर घालतात. निव्वळ नायट्रोसेल्युलोजच्या दारूत बहुधा डायफिनाइलअमाइन, नायट्रोग्लिसरिन असलेल्या दारूत सेंट्रलाइट किंवा तसलंच काही. हा पदार्थ बाहेर पडणारी ऑक्साइडं गिळत बसतो आणि गिळता गिळता स्वतः खर्च होतो. तो आहे तोवर दारू ताब्यात. म्हणून दारू किती जुनी, हा आमच्या लेखी कच्चा प्रश्न. तिच्यात स्टॅबिलायझर किती उरला, हा पक्का. थंड कोठारात राहिलेली वीस वर्षांची दारू ठणठणीत असते आणि उन्हात पत्र्याखाली पडलेली पाच वर्षांची बाद होते. ढोबळ हिशेब असा की तापमान दहा अंशांनी चढलं की झीज दुप्पट-तिप्पट वेगानं होते. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा मातीच्या भरावाखालचं कोठार आणि उघडा पत्रा यांतला फरक तुम्हाला मी सांगायला नको.

मोजायचं कसं? आता यंत्रं आली आहेत, स्टॅबिलायझर किती टक्के उरला ते आकड्यात सांगतात. पण एबलच्या नावाची जुनी कसोटी अजून मनातून जात नाही. दारू बारीक करून काचेच्या नळीत घ्यायची. वर बुचाला काचेचा आकडा, त्यावर पोटॅशियम आयोडाइड आणि स्टार्च लावलेली कागदाची पट्टी. पट्टीचा अर्धा भाग ग्लिसरिन आणि पाण्यानं ओला करायचा, अर्धा कोरा ठेवायचा. नळी ठरलेल्या तापमानाच्या पाण्यात उभी करायची आणि घड्याळ लावून बघत बसायचं. दारूतून ऑक्साइडं सुटली की ओल्या-कोऱ्याच्या सीमेवर फिकट तपकिरी रेघ उमटते. किती मिनिटांनी उमटली, यावर सगळ्या लॉटचं, म्हणजे एका खेपेत बनलेल्या मालाचं, भवितव्य. त्या रेघेवर टक लावून बसायला सराईत डोळा लागतो, उजेड चुकला तरी मिनिटं चुकतात. नवीन पोरांना हे काम कंटाळवाणं वाटतं आणि खरंच ते तसं आहे.

ही अक्कल जगाला फुकट आलेली नाही. फ्रेंच आरमाराचं उदाहरण मला सगळ्यांत बोलकं वाटतं. धूर न करणारी दारू पहिल्यांदा त्यांनीच केली, १८८४ मध्ये, पॉल व्हिएय यानं. टिकाऊपणासाठी त्यांनी अमिल अल्कोहोल वापरलं, पण ते उडून जाणारं, म्हणजे राखणदार रात्रीतून घरी जाणारा. त्यात जुनी होत आलेली दारू पुन्हा प्रक्रिया करून वापरात आणायची पद्धत. १२ मार्च १९०७ ला तूलोन बंदरात त्यांची 'येना' ही युद्धनौका कोरड्या गोदीत दुरुस्तीला होती आणि दारूच्या कोठारानं पेट घेतला. आता कोठार पेटलं की एकच इलाज असतो, पाणी भरणं. पण गोदीच कोरडी, पाणी आणणार कुठून? शेजारच्या 'पात्री' जहाजानं गोदीचा दरवाजा फोडायला तोफ डागली, तरी तो फुटला नाही. शेवटी एका तरुण अधिकाऱ्यानं जाऊन दरवाजा उघडला आणि त्यात तोही गेला. सव्वाशेच्या आसपास माणसं मेली. एवढं होऊनही साडेचार वर्षांनी, २५ सप्टेंबर १९११ ला, त्याच बंदरात 'लिबर्ते' उडाली. तेव्हा तीनशेच्या घरात माणसं गेली. त्यानंतर मात्र स्टॅबिलायझरचा प्रश्न त्यांनी गांभीर्यानं घेतला.

इंग्रजांची दारू कॉर्डाइट. तिच्यात पाच टक्के व्हॅसलिन असायचं. घातलं होतं तोफेच्या नळीची झीज कमी व्हावी म्हणून, पण ते स्टॅबिलायझरचंही काम करतं, हे नंतर ध्यानात आलं. दैव बलवत्तर, दुसरं काय! तरी त्यांची 'बुलवर्क' २६ नोव्हेंबर १९१४ ला शीअरनेसजवळ नांगरावर उभी असताना सकाळच्या न्याहारीच्या वेळी उडाली. साडेसातशेच्या आसपास खलाशांपैकी जेमतेम डझनभर वाचले. चौकशीत जे पुढे आलं ते वाचून मला आजही राग येतो. कॉर्डाइटचे बार, म्हणजे तोफेत एका वेळी भरायच्या दारूचे गठ्ठे, कोठारात न ठेवता जाण्यायेण्याच्या बोळांत रचले होते आणि त्यांतले काही बॉयलरच्या खोलीच्या भिंतीला टेकलेले. दारूचा दोष यात शेवटून पहिला.

तुमच्या पोराच्या सुरक्षिततेशी जास्त संबंध आहे तो पहिल्या महायुद्धातल्या पुढच्या दोन लढायांचा. २४ जानेवारी १९१५ ला डॉगर बँकच्या लढाईत जर्मन 'झायडलिट्स'च्या मागच्या तोफघराला गोळा लागला. आतले बार पेटले, जीव वाचवायला माणसांनी शेजारच्या तोफघराकडचं दार उघडलं आणि आग त्या दारानंच पलीकडे गेली. दोन्ही तोफघरांतली दीडशेहून जास्त माणसं जळाली. पण जहाज वाचलं. हाइडकांप नावाच्या कर्मचाऱ्यानं पाणी सोडायच्या झडपांची तापून लाल झालेली चक्रं उघड्या हातांनी फिरवली आणि कोठारं पाण्यानं भरली. जर्मनांनी धडा घेतला. तोफेजवळ किती बार बाहेर ठेवायचे यावर बंधन आलं, आगीची झळ खाली जाऊ नये अशी व्यवस्था झाली. त्यांचा मुख्य बार तसाही पितळी टोपणात, म्हणजे बंद कवचात, असे आणि दारूत सेंट्रलाइट होतं.

इंग्रजांना तेव्हा वेगानं तोफा डागायचं वेड लागलं होतं. दार उघडा, बार काढा, दार लावा, यात सेकंद जातात. मग कोठाराची दारं उघडीच ठेवायची, रेशमी पिशव्यांतले बार डब्यांतून आधीच काढून वाटेत रचून ठेवायचे, असं चाललं. ३१ मे १९१६ ला जटलंडला एकाच दिवसात 'इनडिफॅटिगेबल', 'क्वीन मेरी' आणि 'इनव्हिन्सिबल' ही तीन मोठी जहाजं उडाली आणि ३ हजारांहून जास्त माणसं गेली. तारीख पाहिलीत? बरोबर शंभर वर्षांनी पुलगाव. अर्थात हा नुसता योगायोग, दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. त्याच दिवशी 'लायन'च्या मधल्या तोफघराला गोळा लागला होता. मेजर हार्वे यांनी मरता मरता कोठार बंद करून पाणी सोडायचा हुकूम दिला. नंतर आगीचा लोळ खालपर्यंत गेला, पण दारं बंद होती आणि कोठारात पाणी होतं. जहाज तरलं. दारू तीच, देश तोच, दिवसही तोच. दार बंद होतं की उघडं, एवढाच फरक.

म्हणून आजच्या जहाजावर काय असतं ते सांगतो. कोठार शक्यतो पाण्याच्या पातळीखाली किंवा चिलखती भागात, इंजिनाच्या आणि स्वयंपाकघराच्या उष्णतेपासून दूर. त्याला थंड हवेची सोय असते, कारण तुम्ही म्हणता तसं वरचं लोखंड उन्हानं खरोखरच तापतं, पण ती उष्णता कोठारापर्यंत जाऊ द्यायची नसते. आतलं तापमान रोज वाचून नोंदवायचं. वर पाण्याच्या फवाऱ्याच्या नळ्या. इथे एक बारकावा आहे. दारूला जळायला बाहेरची हवा लागत नाही, ऑक्सिजन तिच्या पोटातच असतो. त्यामुळे फेस, कार्बन डायऑक्साइड, ब्लँकेट टाकून गुदमरवणं, काहीच चालत नाही. पाणीच लागतं, तेही भरपूर, कारण काम असतं थंड करण्याचं. शिवाय दाब कोंडू नये म्हणून तो निघून जायला वाट ठेवलेली असते.

आपल्या नौदलाच्या बहुतेक तोफा ७६ मिलिमीटरच्या किंवा त्याहून लहान, काही १०० मिलिमीटरच्या. त्यांची दारू धातूच्या टोपणात बंद असते, रेशमी पिशवीचा जमाना तिथे नाही. प्रत्येक लॉटला नंबर असतो. त्या लॉटचा नमुना जमिनीवर राखून ठेवतात आणि ठराविक काळानं पुन्हा तपासतात. अमेरिकन आरमारात तर असा नमुना ६५.५ अंशांच्या भट्टीत ठेवून त्यातून लालसर वाफा कधी निघतात याची वाट पाहतात, म्हणजे जहाजावरच्या मालाला जे पुढे कधीतरी होणार ते भट्टीत आधीच दिसतं. आपल्याकडे नौदलाची शस्त्रसामग्री तपासणारी वेगळी यंत्रणा आहे आणि जहाज गोदीत दुरुस्तीला जायचं असलं की दारूगोळा आधी उतरवायचा, अशी रीत आहे. 'येना' आठवा.

दुसरी गोष्ट, कोणाशेजारी काय ठेवायचं. दारू, स्फोटक, डिटोनेटर (स्फोटकाला चेतवणारा छोटा भाग) यांचे गट ठरलेले असतात आणि गट मोडून एकत्र रचत नाहीत. हा नियम मोडल्यावर काय होतं ते १४ एप्रिल १९४४ ला मुंबईनं पाहिलं. 'फोर्ट स्टिकीन' हे मालवाहू जहाज होतं, युद्धनौका नव्हे. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि त्यांच्याच सोबत कापसाच्या गाठी. गाठींनी पेट घेतला, आग विझली नाही, व्हिक्टोरिया गोदी उडाली. अग्निशमन दलाची ६६ माणसं त्यात गेली, म्हणून आजही १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात. कापूस दाबून बांधला की आतली आग कशी धुमसत राहते, हे आपल्या जिनवाल्यांना विचारा.

इतकं सगळं असूनही धोका शून्य होत नाही, तेही सांगायला हवं. १९ एप्रिल १९८९ ला अमेरिकेच्या 'आयोवा'वर १६ इंची तोफेत दारूच्या पिशव्या ढकलताना स्फोट होऊन ४७ माणसं गेली. आधी एका मेलेल्या खलाशावरच ठपका ठेवला, दोन वर्षांनी त्याच्या घरच्यांची माफी मागावी लागली. पण पाहा, तोही अपघात कोठारात नव्हे, हाताळताना झाला आणि खालची कोठारं पाण्याखाली घेतल्यामुळे जहाज वाचलं. मुंबईत १४ ऑगस्ट २०१३ ला 'सिंधुरक्षक' पाणबुडीत १८ जण गेले, तिथे पुढच्या भागातली शस्त्रं फुटली, तोफेच्या दारूचा विषय नव्हता. आजच्या जहाजांवर खरी काळजी मला तोफेच्या दारूची कमी आणि शेजारच्या आगीची जास्त वाटते. इंधन, तारा, वेल्डिंगची ठिणगी यांनी आग लागली आणि ती क्षेपणास्त्रापर्यंत पोहोचली तर ते शिजल्यासारखं तापून उडतं. १९६७ मध्ये 'फॉरेस्टल' या विमानवाहू नौकेवर एक रॉकेट चुकून सुटलं, इंधन पेटलं, त्या आगीत बॉम्ब फुटले आणि १३४ माणसं मेली. तेव्हापासून आग लागली तरी फुटण्याऐवजी नुसता जळेल, असा दारूगोळा बनवण्यावर जगभर काम चाललं आहे.

तेव्हा वहिनींना सांगा, कोठाराशेजारी झोपणं हे काही दिवा लावून रॉकेलच्या पिंपावर झोपणं नाही. पोराला खोदून विचारू नका, त्याला ते सांगायची मुभाही नसते. फक्त एवढं म्हणा की तापमानाची नोंदवही त्याच्याकडे आली तर आकडा वाचूनच लिही, कालचा पाहून लिहू नको. आळस करणारे असतात, मी पाहिले आहेत. रोज २२ च लिहिलेली वही बघितली की माझा विश्वास उडतो. थंड हवेच्या यंत्राचा पट्टा सुटलेला असेल आणि वहीत मात्र सगळं आलबेल.

आता तुमच्याकडच्या कांड्या. बाद दारूगोळा मोकळ्या मैदानावर नेऊन नष्ट करतात. दारू असेल तर पातळ थर पसरून लांबून पेटवतात, म्हणजे कोंडणं नाही आणि ढीग नाही. पण मैदानावर न जळलेले तुकडे राहतात. पितळ-तांब्याच्या आशेनं माणसं तिथे जातात, सोबत पिवळ्या-तपकिरी नळ्या घरी येतात. २० नोव्हेंबर २०१८ ला सोनेगाव आबाजीच्या मैदानावर जुना दारूगोळा उतरवताना सहा जण गेले, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

जुनी झाली की दम जातो, ही समजूत साध्या काळ्या दारूवरून आली असावी. ती ओल खाल्ली की पेटत नाही. कापसाच्या दारूचं उलट. उन्हापावसात पडली की तिचा स्टॅबिलायझर संपत येतो आणि आंबट वास येऊ लागतो. आणि दारू म्हणून पोरं जे उचलून आणतात त्यात फ्यूज किंवा डिटोनेटर निघाला तर हातच जातो. डब्यात भरून ठेवल्या असतील तर डबा उघडून पाहू नका, हलवू नका, चुलीत किंवा विहिरीत टाकू नका, मोटारसायकलला अडकवून ठाण्यातही नेऊ नका. घरातली माणसं बाहेर काढा, पोलीस पाटलाला सांगा किंवा ११२ ला फोन लावा. बॉम्ब शोधक-नाशक पथक येऊन घेऊन जातं. पोरांवर केस होईल या भीतीनं लोक गप्प बसतात. तुम्ही बसू नका, फोन आजच करा.